मौलिक मार्गदर्शन

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून आमच्या मामेसासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि त्या खऱ्यापायी चारचौघांना इतका ताप देणाराही सापडायचा नाही. मामेसासरे म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. कराडला एका अभियांत्रिकी कॉलेजात छत्तीस वर्षं त्यांनी माती आणि पाणी या दोनच गोष्टी शिकवल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्या दोन गोष्टी घेऊन ते मोकाट सुटले. चहा कसा झालाय असं विचारलं तर आपण सगळे 'फक्कड' म्हणून मोकळे होतो. मामा एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "कालच्यापेक्षा साखर अर्धा चमचा जास्त आहे. आलं बरोबर पडलंय." किती वाजले म्हणून विचारलं तर सांगतील, "दहा वाजून बारा मिनिटं, पण माझं घड्याळ दीड मिनिट पुढं आहे, तेवढं वजा करा." मामी म्हणतात, "लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसानं मला कधी 'छान दिसतेस' म्हणून म्हटलं नाही. एकदा नवी पैठणी नेसले तर म्हणाले, मागच्या साडीपेक्षा बरी. मी तेवढ्यावर खूश आहे बाई!"

जगातल्या प्रत्येक गोष्टीला मामांचा एकच प्रश्न असतो, "कुठं जाणार?" म्हणजे पाणी कुठं जाणार. नवं घर दाखवायला नेलं तर ते हॉल बघत नाहीत, बेडरूम बघत नाहीत, थेट मोरीत शिरतात. हिचे वडील लवकर गेल्यामुळं आमच्या लग्नात कन्यादान मामांनीच केलं. ते करून झाल्या झाल्या हे गृहस्थ तांब्या घेऊन मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेले आणि भांडी घासायच्या जागेवर पाणी ओतून उकिडवे बसले. आचारी म्हणाला, "आवं काका, तिकडं पोरीची सप्तपदी चाललीया, तुमी हितं काय करताय?" मामा म्हणाले, "उतार उलटा आहे. दुसऱ्या पंगतीला पाणी पायाखाली येणार." त्याचं कोण ऐकतंय! दुसऱ्या पंगतीला आमच्याकडची मानाची माणसं बसली आणि बरोबर मठ्ठा वाढताना खरकटं पाणी आलं. माझे थोरले चुलते एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात जिलेबी धरून उभे राहिलेले मला अजून दिसतात. मामा लांबून घड्याळ बघत होते.

त्यांच्याजवळ एक काठी असते. साधी वेळूची काठी, पण तिच्यावर तांबडे-पांढरे पट्टे रंगवून सेंटिमीटर लिहिलेले. कराड-सांगली एसटीचे कंडक्टर त्या काठीला ओळखतात. पूल आला की मामा म्हणणार, "मास्तर, दोन मिनिटं थांबवता का, पाणी बघतो." नव्या कंडक्टरनं कुरकुर केली तर जुना ड्रायव्हरच सांगतो, "थांबव गड्या, न्हाईतर पुढच्या पुलापतूर पाण्यावरच बोलत्याल." आणि माती तर ते चक्क चाखतात. आमच्याकडं कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून काळी रानं खारावली, वरवर मीठ फुलल्यासारखी पांढरी पडली, हे सगळ्यांना माहीत आहे. मामा असल्या रानातलं ढेकूळ उचलतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात, थुंकतात आणि आकडा सांगतात. मग पिशवीतलं यंत्र काढून तपासतात. यंत्र आणि जीभ यांचं जमलं नाही तर ते यंत्र दुरुस्तीला टाकतात.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण खरं सांगायचं तर हे लिहायला बसताना माझी मान वर होत नाही. कारण मामांच्या या गोष्टीत मी आहे आणि मी सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होतो.

झालं असं, की क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी आमच्या कचेरीत एक समिती नेमली गेली. रानात जमिनीखाली छिद्रांचे पाइप पुरायचे, त्यातून खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं, अशी योजना होती. समितीत एक तज्ज्ञ असावा असा नियम, म्हणून कॉलेजकडं नाव मागितलं आणि कॉलेजनं मामांचं नाव कळवलं. पहिल्या बैठकीला मामा आले ते काठी, पिशवी, आणि पायाला कुठल्या तरी ओढ्याचा चिखल घेऊन. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "हे कोण?" म्हटलं, "तज्ज्ञ सदस्य, साहेब." साहेब म्हणाले, "तुमच्या ओळखीचे आहेत का?" मी म्हणालो, "नाही साहेब." मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना ऐकू गेलं. त्या दिवसापासून घरी मला जावईबापू म्हणणारा हा माणूस कचेरीत मला "अव्वल कारकून साहेब" म्हणायला लागला. मामींनी आमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवली तर ती पुडी माझ्या टेबलावर ठेवून शिपायाला सांगायचे, "कुणाची तरी राहिलेली दिसते." हे खोटं नव्हे, कारण राहिलेली होतीच. मी ती पुडी ड्रॉवरमध्ये सरकवायचो आणि मला बरं वाटायचं, की चला, मामांनी सांभाळून घेतलं.

बैठकांत मामांचं काम एकच. कुणी काही सुचवलं की विचारायचं, "मग पाणी कुठं जाणार?" एकदा एका अधिकाऱ्यानं सौर पंपांची मोठी तारीफ केली. आता शेतकऱ्याला रात्रीची लाइट नको, दिवसभर पाणी! मामा म्हणाले, "उत्तम. पण पाणी दिवसभर फुकट मिळायला लागलं की तो ते दिवसभर सोडणार. मग खालच्या माणसाचं रान पांढरं पडणार. पंपाच्या कागदात निचऱ्याचा कागद जोडा." तो अधिकारी म्हणाला, "सर, ते दुसऱ्या खात्याकडं येतं." मामांनी अगदी साधेपणानं विचारलं, "पाण्याला हे कळवलंय का?" सगळे हसले. मीही हसलो. आता वाटतं, की त्या खोलीत तेवढं एकच वाक्य कामाचं बोललं गेलं होतं.

आता आमच्या कचेरीची रीत सांगतो. बैठक अकराला असली की तिचं इतिवृत्त, म्हणजे बैठकीत काय झालं याची लेखी नोंद, माझ्याकडं दहालाच तयार असायचं. हसू नका, सगळीकडं असंच चालतं. मागच्या वेळचं इतिवृत्त उघडायचं, तारीख बदलायची, गावांची नावं बदलायची आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर' ठेवून द्यायचं. बैठकीत वेगळं काही घडलंच तर नंतर एखादी ओळ घालायची. पण वेगळं घडत नसे. त्याची काळजी आम्ही घेत असू.

त्या जानेवारीतल्या बैठकीत मात्र वेगळं घडलं. नदीकाठच्या एका गावचा आराखडा मंजुरीला होता. मामा उठले आणि म्हणाले, "या ओढ्याची पातळी मोजलीय एप्रिल महिन्यात. एप्रिलमध्ये ओढ्यात शेरडं चरतात. श्रावणात नदी फुगली की तिचं पाणी याच ओढ्यात मागं सरकतं. तेव्हा ओढा वर आणि पाइप खाली. पाणी उलटं रानात येईल." कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा त्यांनी सरबताच्या ग्लासातली नळी काढली, तिचं एक टोक चहानं भरलेल्या बशीत बुडवलं, दुसऱ्या टोकानं चहा ओढून ते खाली वाकवलं आणि बशी उचलून धरली. नळीच्या दुसऱ्या टोकातून चहा भळाभळा आला आणि थेट आराखड्यावर पसरला. साहेब खुर्ची मागं घेत म्हणाले, "सर, तुम्ही कॉलेजात असायला हवं होतं!" मामा म्हणाले, "होतो. छत्तीस वर्षं." हशा झाला. मामा मात्र हसले नाहीत. सावकाश, मला उतरून घेता यावं म्हणून थांबत थांबत त्यांनी सांगितलं, "अशी अट घाला. पावसाळ्यातली पातळी मोजल्याशिवाय आणि पाइपाच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवल्याशिवाय कामाला मंजुरी देऊ नये." साहेब मला म्हणाले, "घ्या सरांचं." मी वहीत शब्द न् शब्द घेतला.

मंजुरी मार्चच्या आत वर जायची होती. अट घातली तर पावसाळा जाईपर्यंत काम थांबणार, मग निधी परत, मग वरून विचारणा. इथं मला एक गोष्ट स्वच्छ सांगायचीय. साहेबांनी मला ती अट गाळा असं सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आज कागद गेला पाहिजे." बाकी सगळं मी केलं. दहाला तयार झालेलं इतिवृत्त समोर होतंच. त्यात मी एक ओळ घातली आणि ती घालताना मला स्वतःच्या लेखणीचं कौतुकही वाटलं.

त्या गावात एक हवालदार राहतात. फौजेतून परत आलेले, सरळ ताठ चालणारे, मिशी इस्त्री केल्यासारखी. ओढ्याकडेला त्यांची दोन एकर पांढरी पडलेली जमीन. ते फौजेत असतानाच वडिलांनी ती सोडून दिली होती, पण हवालदारांनी काही सोडली नाही. मामा दर रविवारी एसटीनं त्यांच्याकडं जायचे. दोघांनी मिळून, सरकारी कागद न लावता, रानाच्या कडेनं खोल चर खणला होता. मामा मोजायचे, हवालदार खणायचे आणि हवालदारीणबाई दोघांना शिव्या देत भाकरी आणायच्या. तीन पावसाळ्यांनंतर त्यातल्या एका एकरात गहू उगवला. हवालदारांनी त्या गव्हाचं पहिलं पीठ मामींना नेऊन दिलं. मामा पोळी खाऊन म्हणाले, "मीठ कमी आहे." हवालदारांना एवढं मोठं प्रशस्तिपत्र फौजेतसुद्धा मिळालं नव्हतं.

उन्हाळ्यात ठेकेदाराची माणसं पाइप घेऊन आली आणि हवालदारांना म्हणाली, आता चर बुजवायला लागेल. हवालदारांनी मामांना फोन केला, "सर, काय आर्डर?" आणि मामांची जन्मातली एकच चूक तिथं झाली. ते म्हणाले, "मी समितीत अट घातलीय. पातळी मोजल्याशिवाय मंजुरी नाही. म्हणजे ज्याअर्थी काम सुरू झालंय त्याअर्थी झडप असणार. बुजवा खुशाल." बैठकीत बोललेलं कागदावर येतं, असं हा शहाणा माणूस समजत होता. माझ्या हातात कागद होता म्हणून तर जास्तच.

श्रावणात नदी फुगली, ओढा चढला आणि हवालदारांच्या रानातल्या पाइपांच्या चेंबरमधून झरा फुटावा तसं पाणी वर आलं. तीन आठवडे उभं राहिलं. ओसरल्यावर गव्हाचा तो एकरसुद्धा बाकीच्या रानासारखा पांढरा झाला. बुजवलेला चर परत खणायला आता हवालदारांच्या गुडघ्यात बळ नव्हतं.

मामांनी मला फोन केला, "जावईबापू, त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत आणता का घरी? हवालदारांना घेऊन रविवारी येतो. अट दाखवली की ठेकेदाराला झडप बसवायला लावता येईल." मी प्रत आणली. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? रविवारी दोघे आमच्या हॉलमध्ये बसले. मी त्यांचा कोण हे मामांनी हवालदारांना सांगितलं नव्हतं; कचेरीतले अव्वल कारकून, एवढंच सांगितलं होतं. मामांनी चष्मा लावला. हवालदार म्हणाले, "सर, मोठ्यानं वाचा की." मामांनी वाचलं, "तज्ज्ञ सदस्यांनी निचरा या विषयावर मौलिक मार्गदर्शन केले. समितीने त्यांचे आभार मानले. आराखडा सर्वानुमते मंजूर." मग त्यांनी कागद उलटा करून मागं काही आहे का ते बघितलं. मागं कोरं होतं.

"आन् ती अट?" हवालदारांनी विचारलं.

तेवढ्यात ही पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. मामांनी एकदा भाचीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तिच्या देखत आणि परक्या माणसाच्या देखत जावयाचा पाणउतारा करायचा नाही, ही आमच्याकडची पद्धत. मामांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "हवालदार, माझंच बोलायचं राहून गेलं असावं."

चहातली अर्ध्या चमच्याची साखर न सोडणारा तो माणूस माझ्यासाठी असं बोलला. आणि मी काय केलं? मी पोह्यांवर लिंबू पिळलं. हवालदार उभे राहिले. पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "सर, मी तुमच्या एका शबुदावर चर बुजीवला. तुमी बोलला बी न्हाई व्हय? आता बांधावर येऊ नगा." आणि पायात वहाणा घालून ते गेले. हिनं विचारलं, "काय झालं हो?" मामा म्हणाले, "काही नाही. पोहे मागच्यापेक्षा बरे झालेत."

त्यानंतर वर्षभर मामा त्या गावाला गेले नाहीत. मामी फोनवर हिला सांगायच्या, "रविवार आला की सकाळी पँट चढवून बसतात, मग दहाच्या सुमाराला काढून ठेवतात. काल गच्चीवरच्या टाकीत काठी घालून बघत होते." पुढच्या समितीत तज्ज्ञ म्हणून एका खतविक्रेत्याचं नाव आलं. ते टाइप मीच केलं. मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात साहेब म्हणाले, "यांच्यासारखं अचूक इतिवृत्त लिहिणारा माणूस मी पाहिला नाही." टाळ्या पडल्या, शाल मिळाली. घरी आल्यावर मी ती शाल कपाटात मागं टाकली. ही म्हणाली, "अहो, निदान घडी तरी घाला." हिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल आणि मग माझं काही खरं नाही.

पेन्शन सुरू झाली आणि मला धीर आला. बघा, कसला धीर! गेल्या आषाढात मी त्या गावाला गेलो. हवालदार गोठ्यात होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मामा बोलले होते, शब्द न् शब्द बोलले होते, मी तो गाळला, आणि त्या रविवारी लिंबू पिळत बसलो. मला वाटलं, आता हा माणूस मला हाकलणार. हवालदारांनी हातातली वैरणीची पेंढी सोडून म्हशीपुढं पसरली. मग म्हणाले, "मंग सर खोटं का बोललं?"

"मी जावई आहे त्यांचा," मी म्हणालो.

"आरं देवा," हवालदार म्हणाले आणि खाली बसले. "मी त्यांला बांधावर येऊ नगा म्हणलो की वं. बापासारक्या मान्साला." थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी मला हुकूमच सोडला, "तुमी जावा आन् सरांला घिऊन या. मी आलो असतो, पर मला तोंड न्हाई. आन् तुमाला तर त्येच्याहून न्हाई, म्हणून तुमीच जावा."

मी तसाच एसटी धरून कराडला गेलो. मामा खुर्चीत बसून कुठल्या तरी सोसायटीच्या गटाराचा नकाशा बघत होते. मी म्हणालो, "मामा, मी हवालदारांना खरं सांगितलं. सगळं." मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. ते रागावतील, किंवा 'जाऊ द्या' म्हणतील, यातल्या कशालाही मी तयार होतो. दोन्हींपैकी काहीतरी मिळावं असं आतून फार वाटत होतं.

मामांनी विचारलं, "ओढ्याला पाणी किती होतं?"

जाताना त्या ओढ्यावरच्या फरशीपुलावरून चालत गेलो होतो, येताना त्याच फरशीवरून आलो होतो. पाणी माझ्या पायाखालून गेलं असणार. मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

"बघितलं नाही, मामा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या नजरेत मला पहिल्यांदाच राग दिसला आणि तो त्या इतिवृत्ताचा नव्हता. मी मान खाली घातली. आतून मामींनी चहाची हाक दिली. मामांनी नकाशा गुंडाळला, उठून खुंटीवरची पिशवी काढली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ, जावईबापू. ओढ्यात उतरून तुम्ही मोजा. लिहायचं तेवढं माझ्याकडं राहू द्या."